अक्रोडाचं पान: काळे हात आणि शिरांच्या बेचक्यातली घरकुलं

भिंगवाली, धरमपेठ
१२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काश्मीरला जाऊन आलो. अनंतनागच्या पुढे एका गावात चार दिवस मुक्काम होता आणि नेमका अक्रोड उतरवायचा हंगाम सुरू होता. गडी माणसं झाडावर चढून लांब काठीने फळं झोडपत होती, खाली अंगणात बाया हिरवी साल काढत बसल्या होत्या. मीही त्यांच्यात जाऊन बसले. घरातल्या आजींनी हातमोजे पुढे केले, मी नको म्हटलं. दुपारी बोटं पिवळट झाली, संध्याकाळी तपकिरी, आणि सकाळी उठून पाहते तर काळीकुट्ट. साबण, लिंबू, डाळीचं पीठ, सगळं करून झालं. पंधरा दिवस होत आले, नखांच्या कडा अजून काळ्याच आहेत.

पण धागा हातांसाठी काढला नाही, पानांसाठी काढलाय. त्याच अंगणाच्या कडेला विलोचं झाड होतं, ज्याच्या लाकडाच्या क्रिकेटच्या बॅटी करतात ते. त्याच्या पानांची कुरतडून चाळणी झाली होती. दहा पावलांवर अक्रोड, आणि त्याची पानं जवळजवळ अख्खी. वसंतात फुटलेली पानं, म्हणजे आख्खा उन्हाळा झाडावर काढलेली. एक पान चुरगळलं तर इतका उग्र वास आला की हात लांब धरावा लागला.

माझ्या पिशवीत १० पटींचं भिंग कायम असतं. पान उलटं केलं. मधल्या शिरेतून बाजूच्या शिरा फुटतात, त्या जवळजवळ प्रत्येक बेचक्यात केसांचा एक छोटा पुंजका. बाकी सगळं पान गुळगुळीत, केस फक्त तिथेच. बघत असताना एका पुंजक्यातून पांढुरकं, चकचकीत, थेंबासारखं काहीतरी बाहेर आलं. पूर्णविरामापेक्षाही लहान. शिरेवरून सरळ धावत गेलं आणि पुढच्या बेचक्यात शिरलं. मी तशीच उभी राहिले, चहा गार झाला.

काही पानांवर वेगळंच होतं. वरून फोड आल्यासारखे फुगवटे आणि त्याच जागी खालून पिवळट मखमल.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हात काळे करणारं जे काही आहे तेच पानाला वाचवतं का? ते पुंजके कशासाठी? आणि फुगवटे म्हणजे तेच पुंजके मोठे झालेले का?


कामठीचा_माजी_सैनिक
१२ ऑक्टोबर, रात्री १०:२५

ताई, नोकरीतली सहा वर्षं त्या भागात गेली. तिथे अक्रोडाला डून म्हणतात. म्हाताऱ्या बाया अक्रोडाची साल दातांना घासायच्या, दंदासा म्हणतात त्याला. दात पांढरे होतात आणि ओठ-हिरड्या लालसर तपकिरी. झाडाला मोठा मान आहे. १९६९ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही.

एक पाहिलेलं सांगतो. पोरं ओढ्याचं पाणी दगडांनी अडवायची आणि हिरव्या साली ठेचून त्यात टाकायची. थोड्या वेळाने मासे गुंगून वर यायचे. आपल्याकडे गेळाच्या फळांनी करतात तसंच. म्हणजे सालीत काहीतरी जहर नक्की आहे. पानाचं जाणकार सांगतील.


निवृत्त_मास्तर
१३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. पण नुसतं हो म्हणून चालणार नाही, कारण त्यातली खुबी पुढे आहे.

हात काळे करणारा पदार्थ म्हणजे जुग्लोन. अक्रोडाच्या जुग्लान्स या शास्त्रीय नावावरूनच हे नाव पडलं. १८५६ साली फोगेल आणि रायशाउअर या दोघांनी तो अक्रोडाच्या सालीतून वेगळा काढला. पान, हिरवी साल, मुळं, सगळीकडे त्याचा साठा असतो. पण धडधाकट पानात तो जुग्लोन म्हणून जवळजवळ नसतोच. असतो तो हायड्रोजुग्लोन, आणि त्याला साखरेचा एक रेणू जोडलेला. हे जोडपं बिनरंगी आणि निरुपद्रवी. पेशीच्या आत एका पिशवीत बंद. साखर तोडणारं विकर वेगळ्या जागी. पान कुणी चावलं की दोन्ही एकत्र येतात, साखर सुटते, उरलेल्याला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि जुग्लोन तयार होतो.

आपल्या पानठेल्यावर उभे राहा. कात वेगळा, चुना वेगळा. दोघांतलं कुणीच एकटं तोंड लाल करत नाही. चघळल्यावरच रंग चढतो. अक्रोडाच्या पानात हीच व्यवस्था आहे, फक्त विडा अळी खाते आणि रंग तिच्या पोटात चढतो. तुमची बोटं दुपारी पिवळी, संध्याकाळी तपकिरी, सकाळी काळी झाली, ते जुग्लोन तयार होऊन कातडीतल्या प्रथिनांना चिकटण्याचंच वेळापत्रक.

अळीच्या आतड्यात काय होतं? जुग्लोन प्रथिनांमधल्या गंधकाच्या टोकांना जाऊन चिकटतो, मग ती प्रथिनं कामातून जातात. शिवाय तो पेशीत पुन्हा पुन्हा रूप पालटत राहतो आणि प्रत्येक फेरीत ऑक्सिजनची दाहक रूपं सोडतो. अळी एका घासात मरेलच असं नाही. पण तिची वाढ खुंटते, ती जास्त दिवस अळीच राहते, आणि तितके जास्त दिवस पक्ष्यांच्या आणि गांधीलमाशांच्या नजरेत राहते. झाडाला तेवढंही पुरतं.

जोडीला टॅनिन आहेच. हिरडा चावल्यावर जीभ आखडते ना, तोच प्रकार.


गोकुळपेठ_गच्ची
१३ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

मास्तर, वाचता वाचता मला आईच्या घरचं मेंदीचं कुंपण आठवलं. वर्ध्याला. नागपंचमीच्या आधी आम्ही बहिणी पानं ओरबाडायचो. ओरबाडताना हात कधी रंगले नाहीत. पाट्यावर वाटली की मगच. आणि वाटून लगेच लावली तर आई रागवायची, थोडं मुरू दे म्हणायची. हेही तुमच्या कात-चुन्यासारखंच का? की मी उगाच जोडतेय?


निवृत्त_मास्तर
१३ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

उगाच नाही, अगदी नेमकं जोडलंत. इतकी वर्षं शिकवलं पण वर्गात हे असं कुणी विचारलं नव्हतं.

मेंदीतला रंग लॉसोन. लॉसोन आणि जुग्लोन सख्खे भाऊ आहेत. दोघांतही कार्बन १०, हायड्रोजन ६, ऑक्सिजन ३. सांगाडा तोच, फक्त ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी एकात इकडे बसलीय, दुसऱ्यात तिकडे. मेंदीच्या पानातही तो साखरेला बांधूनच ठेवलेला असतो. वाटल्यावर सुटतो, हवेने पक्का होतो, कातडीच्या प्रथिनाला चिकटतो. आईचं मुरू देणं म्हणजे विकराला काम करायला दिलेला वेळ.


काटोल_संत्रा
१३ ऑक्टोबर, रात्री ८:५०

मास्तर, नमस्कार. हे तं आमच्या ज्वारीसारखंच झालं. पावसानं ताण देल्ला आन् ज्वारी कोवळी असली का आम्ही ढोरं सोडत नाही तिच्यात. बैल पोट फुगून नाही, जागच्या जागी धापा टाकत जाते. उभ्या ज्वारीत काही नाही, चावलं का जहर.

पण माह्या प्रश्न दुसरा हाये. भिंगवाली ताईनं जे धावणारं पाह्यलं थे कोळी असंन, घरातला जाळंवाला नाही, पिकावरचा बारीक कोळी, माइट म्हणते थो. अक्रोडाचं पान एवढं जहरी हाये तं त्याच्यावर कोळी कसा काय जगते? संत्र्यावर कोळी म्हणजे माह्या जिवाला घोर हाये. मोसंबीवाले मंगू म्हणते, आम्ही लाल्या म्हणतो. फळाची साल खरडल्यावानी लालसर तपकिरी होते आन् व्यापारी निम्मा भाव करते. दोन वर्साआंधी नव्या नवतीवर (कोवळ्या पालवीवर) सायला, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आली म्हणून एका दुकानदाराच्या सांगण्यावरून जहाल औषध मारलं, दोनदा. सायला गेली. महिन्याभरात कोळी असा उफाळला का तसा कधीच नव्हता उफाळला. म्या त् औषध मारलं होतं, मंग कोळी वाढला काऊन? हे मले आजवर कोणं समजावून नाही सांगितलं.


कीटकशास्त्र_अकोला
१३ ऑक्टोबर, रात्री ११:१५

काका, तुमचा प्रश्न आणि ताईंचा दुसरा प्रश्न एकच आहे. मी पदव्युत्तरला कोळ्यांवरच काम करतोय, म्हणून थोडं लांब लिहितो.

आधी हे की जुग्लोनची व्यवस्था कुरतडणाऱ्यांसाठी सगळ्यात धारदार आहे. अळी पान चघळते, पेशी फोडते, कात-चुना एकत्र येतो. मावा तसं करत नाही. तो केसाएवढी सोंड पेशींच्या फटींतून सरकवत थेट अन्नरसाच्या नळीपर्यंत नेतो. पिशवी फारशी फुटतच नाही. म्हणूनच अक्रोडावर फक्त अक्रोडावरच जगणारे दोन मावे आहेत. एक फिकट पिवळा, पानाच्या मागे विखुरलेला. दुसरा मोठा, पानाच्या वरच्या बाजूला मधल्या शिरेवर रांगेत बसणारा. पान खाणारा कोळी एकेक पेशी टोचून रिकामी करतो, पानावर बारीक पांढुरके ठिपके पडतात. अक्रोडावरही लाल कोळी आणि दोन ठिपक्यांचा कोळी येतात. रसायनाची भिंत त्यांना पूर्ण अडवत नाही.

मग झाड काय करतं? रखवालदार ठेवतं.

ताई, तुम्ही जे धावताना पाहिलंत, ते वर्णन पान खाणाऱ्या कोळ्याचं नाही. पान खाणारा कोळी मंद असतो, जाळीत बसून राहतो. पांढुरका, चकचकीत, थेंबाच्या आकाराचा आणि सुसाट धावणारा म्हणजे परभक्षी कोळी. तो दुसऱ्या कोळ्यांची अंडी आणि पिल्लं खातो. आणि ते पुंजके म्हणजे त्याची घरं. अशा बेचक्यांना डोमेशिया म्हणतात. स्वीडनचे लुंडस्ट्रॉम यांनी १८८७ सालीच लिहून ठेवलं होतं की ही झाडाने कोळ्यांसाठी केलेली घरं आहेत. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

घर का लागतं? एवढ्याशा जिवाला कोरडी हवा मारते. पुंजक्यात ओल टिकते, अंडी सुकत नाहीत, मोठा भक्षक आत शिरू शकत नाही. शिकार संपली तरी तो तिथेच परागकण, बुरशी खाऊन तग धरतो. म्हणजे कीड यायच्या आधीपासून रखवालदार दारात हजर. याच पुंजक्यांत बुरशी खाणारे कोळीही राहतात, ते पानावरची भुरी साफ करतात. रानद्राक्षावर हे नीट तपासलं गेलंय.

आता काका, तुमचं. तुम्ही मारलेल्या औषधाने सायला मेली आणि त्याच फवाऱ्यात परभक्षी कोळीही मेले. अशी बरीच जहाल औषधं पान खाणाऱ्या कोळ्याला कमी लागतात आणि परभक्षीला फार. शिवाय उन्हात पान खाणारा कोळी आठवड्याभरात पिढी उभी करतो. रखवालदार मेले, चोर वाचले. तुमचं काही चुकलं असं नाही, हे तुम्हाला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.


काटोल_संत्रा
१४ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

रात्री वाचलं. झोप नाही लागली धड. दोन फवाऱ्याचे पैसे देऊन म्या माह्याच बागीतले राखणदार मारले.

संत्र्याच्या पानाले असे पुंजके असते का? आत्ता दहा पानं उलटी करून पाह्यली, डोयानं तं काही दिसत नाही.


कीटकशास्त्र_अकोला
१४ ऑक्टोबर, सकाळी ८:००

नाही काका, संत्र्याचं पान गुळगुळीत, तिथे पुंजके नसतात. संत्र्यावरचे परभक्षी कोळी पानाच्या मागे मधल्या शिरेच्या खोबणीत, खडबडीत सालीत, वाळल्या पानांत राहतात आणि परागकणांवर बरेच दिवस काढतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संत्रावर्गीय बागांमध्ये ओळींच्या मधे ऱ्होड्स गवत मुद्दाम ठेवतात. त्याचे परागकण वाऱ्याने झाडांवर येतात आणि परभक्षी कोळी पोसले जातात. तुम्ही ओळींमधलं तण पूर्ण साफ ठेवता का?

आणि एक. कच्च्या रस्त्याच्या कडेच्या झाडांवर कोळी जास्त असतो का बघा. पानांवर धूळ बसली की परभक्षीला वावरता येत नाही.


गोकुळपेठ_गच्ची
१४ ऑक्टोबर, दुपारी २:४५

मग ताईंच्या पानावरचे ते फुगवटे म्हणजे मोठी घरं का? जास्त रखवालदार, जास्त मोठं घर?

(मीही दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन अक्रोडाचं रोप मागवलं होतं. "सर्व हवामानात येते" असं लिहिलं होतं. एप्रिलमध्येच करपलं. अक्रोडाला हिवाळ्यात शेकडो तास ७ अंशांच्या खालची थंडी लागते हे नंतर कळलं. आपल्याकडे एखादी रात्र तेवढी उतरली तर पेपरात बातमी येते.)


निवृत्त_मास्तर
१४ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

नाही, फुगवटे म्हणजे बरोबर उलटी गोष्ट. आणि मला तर ती जास्त थरारक वाटते.

पुंजके झाड स्वतःहून करतं, कोळी असो वा नसो. फुगवटे झाड स्वतःहून करत नाही. ते एका वेगळ्या, अतिसूक्ष्म कोळ्याने करवून घेतलेले असतात. एरियोफाइड कुळातला हा कोळी, लांबट गाजरासारखा, पाय फक्त चार. लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. तो वसंतात कोवळ्या पानाला टोचतो आणि त्याच्या लाळेने पानाची वाढच वळवतो. पान वरून फुगतं, खाली खळगा होतो, आणि खळग्यात पान दाट केस उगवतं. ती पिवळट मखमल. तिच्या आत कोळी सुखाने राहतो, खातो, वाढतो. म्हणजे केस तेच, पान तेच, पण एक घर झाडाने राखणदाराला दिलेलं आणि दुसरं चोराने झाडाकडून बांधून घेतलेलं. ताईंनी एकाच झाडावर दोन्ही पाहिलं.

घाबरण्यासारखं काही नसतं. पान दिसतं वाईट, झाडाला फारसं बाधत नाही.

नागपुरात हे पाहायला काश्मीरला जायची गरज नाही. कुठल्याही रस्त्यावरच्या करंजाचं पान उचला. त्यावर बोटांसारखे, कधी चामखिळीसारखे हिरवे उंचवटे असतात. लोकांना वाटतं झाडाला रोग झाला. तेही याच कुळातल्या कोळ्याचं काम. सेमिनरी हिल्सच्या उतारावर फिरायला जातो तिथल्या करंजांवर मी दर वर्षी पाहतो. एखादा उंचवटा ब्लेडने उभा कापून भिंगाखाली धरा.


भिंगवाली, धरमपेठ
१४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

मास्तर, आत्ता कोपऱ्यावरच्या करंजाचं पान आणून कापलं. आत पोकळी आहे, भिंतीवर बारीक लव आहे, आणि १० पटींत नुसती पांढरी धूळ हलल्यासारखी दिसते. धूळ नाहीये ती! रोज त्या झाडाखाली स्कूटर लावते मी.

अजून एक विचारायचं होतं. एवढं सगळं असूनही अक्रोडाची पानं बिनधास्त खाणारी एखादी अळी असेलच ना?


कीटकशास्त्र_अकोला
१५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

आहे की. अमेरिकेतला ल्यूना पतंग, फिकट हिरवा, मागच्या पंखांना लांब शेपट्या. त्याच्या अळ्या काळ्या अक्रोडावर मजेत वाढतात. प्रयोगात दुसऱ्या झाडाच्या पानांत जुग्लोन मिसळून ल्यूनाच्या अळ्यांना दिला तर त्या नेहमीसारख्याच वाढल्या. त्याच कुळातल्या प्रोमेथिया पतंगाच्या अळ्यांची मात्र वाढ खुंटली. ल्यूनाच्या आतड्यात जुग्लोनला निष्प्रभ करणारी विकरं जोरात काम करतात. त्याचा सख्खा भाऊबंद आपला मून मॉथ, महाराष्ट्रातही दिसतो. हिमालयात त्याच्या अळ्या अक्रोडावर असतात, आपल्याकडे मोईसारख्या झाडांवर.

काटोलच्या काकांना याचा नमुना रोज दिसत असणार. लिंबू फुलपाखराची अळी! संत्र्याच्या पानात बाकीच्यांना न मानवणारी रसायनं भरलेली, आणि ही तेच पान बकाबका खाते. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मग हिरवीगार. हात लावला की डोक्यामागून नारिंगी दुपाखी शिंग बाहेर काढते आणि घमघम वास सोडते. बेल, कढीपत्ता, संत्रा, लिंबू, सगळी एकाच घराण्यातली झाडं तिने साधून घेतलीत.

काश्मिरात अक्रोडाला खरा ताप होतो तो फळ पोखरणाऱ्या सोंड्याचा आणि केसाळ अळीचा. ही केसाळ अळी सफरचंद, विलो, पॉपलर, अक्रोड, जे मिळेल ते खाते.


काटोल_संत्रा
१५ ऑक्टोबर, दुपारी १:००

शिंगवाली अळी तं लेकरायले खेळायले देतो आम्ही. वास पपनसासारखा येते.

तणाचं विचारलं होतं तुमी. मी दर महिन्याले मधातलं सारं साफ करतो, बाग "चकाचक" दिसली पाहिजे असं बाप म्हणत होता. आन् हो, डांबरी रस्ता होण्याआंधी रस्त्याकडच्या दोन ओळीत लाल्या सगळ्यात जास्त होता. हे म्या कधी जोडूनच नव्हतं पाह्यलं.


कामठीचा_माजी_सैनिक
१५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

एक शंका. अक्रोडाखाली काही उगवत नाही म्हणतात, त्याचं कारण हेच जुग्लोन का? मी तर अक्रोडाखाली मका आणि राजमा घेतलेला पाहिलाय.


निवृत्त_मास्तर
१५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

ही समजूत रोमन काळापासूनची आहे, प्लिनीने लिहून ठेवलंय. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाच्या बाबतीत टोमॅटो आणि लसूणघास सुकल्याची उदाहरणं आहेत, आणि त्याच्यात जुग्लोनही जास्त. आपला खायचा अक्रोड त्या मानाने सौम्य. कुंडीत जे ठळक दिसतं ते शेतात तितकं दिसत नाही, कारण मातीतले जीवाणू जुग्लोन मोडून टाकतात. तुमचा मका-राजमा खरा आहे.


कीटकशास्त्र_अकोला
१६ ऑक्टोबर, सायंकाळी ७:४५

तीन गोष्टी राहून गेल्या होत्या, त्या लिहितो.

पहिली वासाची. कॅलिफोर्नियात डेव्हिसजवळ अक्रोडाची राई आहे. तिथे राईच्या वरची हवा मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना त्या हवेत मिथाइल सॅलिसिलेट सापडलं, २००८ साली ते छापून आलं. पाणी कमी आणि रात्र गार, दिवस तापलेला, अशा वेळी झाडं ते सोडत होती. कंबर दुखली की आपण जे मलम चोळतो त्याचा वास हाच, आणि ॲस्पिरिनच्याच घराण्यातलं हे रसायन. शेजारची पानं तो वास ओळखून स्वतःची तयारी वाढवू शकतात. आणि परभक्षी कोळी, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) यांनाही तो ओढतो, म्हणून काही देशांत शेतात त्याच्या पुड्या टांगतात.

दुसरी त्या पिवळ्या माव्याची. कॅलिफोर्नियात तो अक्रोडावर माजला होता. १९५९ साली फ्रान्समधून एक बारीक गांधीलमाशी आणली, ट्रायॉक्सिस नावाची. ती माव्याच्या पोटात अंडं घालते, मावा फुगून कडक होतो आणि त्यातून नवी माशी निघते. समुद्राजवळच्या गार बागांत ती टिकली, पण आतल्या तापणाऱ्या खोऱ्यात काही टिकेना. मग १९६८ साली त्याच जातीची माशी इराणहून आणली. उन्हाची सवय असलेली. तिने खोरं साफ केलं. मित्रकीटक बाहेरून आणताना जात बघून भागत नाही, तो कुठल्या उन्हात वाढलाय हेही बघावं लागतं. नागपूरचा मे महिना काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि काका, ही खास तुमच्या भागासाठी, कारण पीक कापसाचं आहे. १९९७ साली अनुराग अग्रवाल आणि रिचर्ड कार्बन यांनी कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग केला. कापसाच्या पानांच्या मागे, शिरांच्या बेचक्यांत, कापसाचेच तंतू चिकटवले. म्हणजे झाडाला नसलेली घरकुलं हाताने बांधून दिली. त्या झाडांवर परभक्षी वाढले, पान खाणारे कोळी कमी झाले, आणि बोंडं जास्त लागली. बाकी काही बदललं नव्हतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत एकटाच टाळ्या वाजवत होतो.


गोकुळपेठ_गच्ची
१७ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

सापडलं!! काल नातवाचं भिंग घेऊन गच्चीवरची एकेक कुंडी पाहिली. तुळशीत नाही, कढीपत्त्यात नाही, जास्वंदीत नाही. ढोबळी मिरचीचं पान उलटं केलं आणि बेचक्यात केसांचे पुंजके! अगदी ताईंनी लिहिलंय तसे. दोन पानांवर धावणारं कुणीतरीही दिसलं. मी मागच्याच महिन्यात या मिरचीवर मावा म्हणून साबणाचं पाणी सपासप मारलं होतं.


कीटकशास्त्र_अकोला
१७ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

अगदी बरोबर, काकू. ढोबळी मिरचीचे पुंजके अभ्यासकांच्या नेहमीच्या पाहण्यातले आहेत. कॉफीच्या पानालाही अशी घरं असतात. यापुढे साबणाचं पाणी मारायचंच झालं तर फक्त माव्याचा शेंडा पकडून त्याच्यापुरतं मारा. भिवापूरकडे कुणी ओळखीचं असेल तर भिवापुरी मिरचीची चार पानं मागवा, मलाही बघायचीत.


काटोल_संत्रा
१८ ऑक्टोबर, रात्री ८:१५

पोरानं नागपूरहून भिंग आणलं. आज दोन घंटे बागीत होतो. जुन्या चार झाडायच्या आतल्या बाजूच्या पानाय्‌वर, मधल्या शिरेले लागून, धावणारे दिसले. पाह्यले म्या. बाहेरच्या नव्या नवतीवर एकही नाही.

ठरवलं हाये. कोपऱ्यातल्या पाच ओळीत यंदा जहाल औषध नाही, आन् मधातलं गवत साफ न करता फक्त वरून कापीन, एकाआड एक ओळ. बाकीची बाग नेहमीसारखी, पोटाचा सवाल हाये, सारंच एका वर्सात नाही करता येत. दर पंधरा दिवसाले दहा झाडायची दहा-दहा पानं मोजीन आन् इथं लिहीन. अकोल्याच्या भाऊनं फक्त मले मोजायचं कसं थे सांगावं, कोणता धावणारा आन् कोणता बसणारा, माह्या डोयाले अजून पक्कं ओळखू येत नाही.


भिंगवाली, धरमपेठ
१८ ऑक्टोबर, रात्री १०:४०

काश्मीरहून आणलेलं एक पान मी डायरीत वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवलं होतं. आज काढलं. सात पर्णिका आहेत. शेंड्याची सगळ्यात मोठी, ती दिव्याखाली धरून मोजली. २६ बेचके, त्यातल्या २३ मध्ये पुंजके. चार पुंजक्यांत सुईच्या टोकाएवढ्या पांढऱ्या काती अडकलेल्या आहेत, पायांसकट. कात टाकून मोठं होऊन पुढे निघून गेलेल्या कुणाच्यातरी.

काटोलचे भाऊ, येत्या रविवारी मी सकाळी सातला निघते, साडेआठपर्यंत पोहोचेन. मोजायला दुसरी माणसं लागतीलच. भिंगं दोन आणते, पांढरा जाड कागद आणि बारीक ब्रशही. फांदी कागदावर झटकली की काय धावतं आणि काय बसून राहतं ते वेगळं कळतं. अकोल्याच्या दादाला जमलं तर त्यानेही यावं. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा.